काळ्या केसांचा पायगुण

एडिंबऱ्याच्या लीथ भागात राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, ३१ डिसेंबर २०१२ च्या रात्री पावणेबारा वाजता, समोरच्या आजींनी माझ्या नवऱ्याला दंडाला धरून आपल्या घराबाहेर काढले आणि दार लावून घेतले. बाहेर म्हणजे आमच्या इमारतीच्या दगडी जिन्यावर, जिथे त्या रात्री श्वासाची वाफ दिसत होती. त्याच्या एका हातात व्हिस्कीची छोटी बाटली होती, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेले विटेएवढे जड पुडके होते आणि कोटाच्या खिशात वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगडी कोळशाचा एक तुकडा होता. बाराचे ठोके पडेपर्यंत दार वाजवायचे नाही आणि दार उघडल्यावर रिकाम्या हाताने आत यायचे नाही, एवढ्याच सूचना त्याला मिळालेल्या होत्या. उजवे पाऊल आधी टाकायचे का, असे त्याने सवयीने विचारले. त्या प्रश्नाने आजी इतक्या खूश झाल्या की पुढे कित्येक वर्षे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत राहिल्या.

त्या देशात वयाने कितीही मोठ्या माणसाला नावानेच हाक मारतात आणि मीही तशीच मारीत असे, पण मनातल्या मनात त्या माझ्यासाठी पहिल्यापासून आजीच होत्या. सप्टेंबरात आम्ही सामानाची खोकी जिन्यावरून वर आणत होतो, तेव्हा दारात उभ्या राहून त्यांनी माझ्या नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले होते. त्यांना आमच्याबद्दल नवख्या माणसांविषयीचे कुतूहल असेल, असा माझा समज झाला होता. खरे कारण डिसेंबरात कळले. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबरला हॉगमने म्हणतात, आणि त्या मध्यरात्रीनंतर घराचा उंबरा ओलांडणारे पहिले माणूस त्या घराचे वर्षभराचे नशीब आपल्यासोबत आणते, अशी जुनी समजूत आहे. हे माणूस पुरुष असावे, घरचे नसावे आणि त्याचे केस काळे असावेत. आजींचे यजमान जाऊन आठ वर्षे झाली होती, खालच्या मजल्यावरच्या प्लंबरचे केस लालभडक होते, आणि लाल केसांचा माणूस या कामाला अगदीच अपशकुनी. अशा परिस्थितीत समोरच्या रिकाम्या घरात काळ्याभोर केसांचा एक मराठी माणूस खोकी घेऊन शिरताना दिसला, तेव्हा त्यांना काय वाटले असेल याची मी कल्पना करू शकते.

फडक्यातल्या त्या पुडक्यात ब्लॅक बन होता. बन म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर इराण्याच्या हॉटेलातला, मस्का लावलेला, दाबला की पुन्हा फुगणारा बन येतो. माझ्याही आला होता. ब्लॅक बनाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तो सुक्या फळांचा केक आहे, पण आपल्याला ठाऊक असलेल्या नाताळच्या केकसारखा मोकळाही नाही. बाहेरून त्याला कणकेच्या पारीचे संपूर्ण आवरण असते, खाली, वर आणि चारही बाजूंनी, आणि आत इतकी फळे ठासलेली असतात की मैदा हा केवळ त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवण्यापुरता उरतो. कापल्यावर सोनेरी चौकटीत बसवलेला काळाकुट्ट दगड असावा, तसा तो काप दिसतो. मोठा तुकडा कोणी खात नाही. बोटभर जाडीचा काप, सोबत व्हिस्कीचा घोट किंवा कडक चहा, एवढेच पुरते. एडिंबऱ्यातच जन्मलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८७८ मध्ये या शहरावर लिहिताना, नववर्षाआधी कित्येक आठवडे मिठाईवाल्यांच्या काचांआड या बनांच्या चळती लागतात असे सांगितले आहे, आणि त्या पदार्थाचे वर्णन दाट, काळा आणि जिवाचा वैरी असे केले आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही, पण त्याने बहुधा ताजा बन खाल्ला असावा. ताजा बन खाणे ही चूकच आहे.

पुढच्या वर्षी आजींनी मला तो करायला शिकवला, तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. एक किलोच्या लांबट पावाच्या साच्यासाठी ४५० ग्रॅम करंट म्हणजे बारीक काळ्या मनुका, तितकेच मोठे बेदाणे, १०० ग्रॅम भरड चिरलेले बदाम, मूठभर पाकवलेली संत्र्या-लिंबाची साल, २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम तांबूस साखर, एक अंडे, ओलाव्यापुरते दूध आणि दोन चमचे व्हिस्की. मसाल्यांत दालचिनी, सुंठ, ऑलस्पाइस आणि, मला सर्वांत आवडलेली गोष्ट, अर्धा चमचा काळी मिरी. ती मिरी खाताना कळत नाही. घास गिळल्यानंतर घशात ऊब राहते, तेव्हा ती होती हे लक्षात येते. मिश्रण हाताने कालवायचे, चमच्याने ते होतच नाही. मैदा आणि लोण्याची पारी लाटून साच्याला आतून लावायची, मिश्रण कोपऱ्याकोपऱ्यात दाबून भरायचे, वरून पारीचेच झाकण ठेवून कडा पाण्याने चिकटवायच्या आणि एका लांब सुईने वरपासून तळापर्यंत भोके पाडायची, म्हणजे आतली वाफ कोंडून झाकण फाटत नाही. मग १६० अंशांवर जवळजवळ तीन तास. थंड झाला की कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवून द्यायचा आणि महिनाभर विसरून जायचे. त्या महिन्यात फळांचा ओलावा पारीत उतरतो, मसाले आपला तिखटपणा सोडतात आणि सुरीने कापला तरी भुगा होणारा बन नीट कापला जाऊ लागतो.

पहिल्यांदा भाजताना मला पुरणपोळीची आठवण झाली होती, कारण पारी पातळ आणि पुरण दाबून, यातच दोन्हीकडच्या करणारीचा कस लागतो. पण आपली पारी पोळीत विरघळून जाते. ब्लॅक बनाची पारी हा खरे तर डबा आहे. तीन तासांच्या आचेत फळे जळू नयेत आणि पुढे आठवडे-महिने सुकू नयेत, यासाठी ती आहे. जुन्या पद्धतीत तर हे आणखी स्पष्ट होते: तेव्हा पावाचे फुगवलेले पीठ घेऊन त्याच्या एका भागात फळे मळीत आणि उरलेला साधा भाग लाटून त्याभोवती गुंडाळीत. म्हणजे 'बन' हे नाव सुरुवातीला अगदी सरळ होते; ब्लॅक हे विशेषण नंतर आले. एकोणिसाव्या शतकात लोक त्याला स्कॉच बन म्हणत.

माझा पहिला स्वतंत्र बन फसला, आणि त्याला माझे माहेर कारणीभूत होते. मी तासगावची. आमच्याकडे बेदाणा हा खाऊ कमी आणि हंगाम जास्त असतो: द्राक्षांचे घड पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, सावलीत पंधरा दिवस वाळू द्यायचे आणि रंग हिरवा-सोनेरी राहावा म्हणून देवाला हात जोडायचे, कारण रंग काळवंडला की भाव पडतो. आईने पाठवलेला तोच उत्तम, हिरव्या छटेचा बेदाणा मी अभिमानाने किलोभर बनात घातला. महिन्याने डबा उघडून काप कापला, तर आत फिकट, मातकट रंगाचे काहीतरी. आजींनी चष्मा लावून ते पाहिले आणि म्हणाल्या, "चव चांगली आहे, पण हा काळा नाही. हा आजारी आहे." ज्या काळ्या रंगापायी तासगावात भाव पडतो, त्याच्याचवर इथे पदार्थाचे नाव टिकून होते. तो काळेपणा करंटचा असतो. ग्रीसमधल्या लहान, बिनबियांच्या काळ्या द्राक्षांच्या त्या मनुका असतात आणि करंट हे नावही कॉरिंथ या ग्रीक गावावरून आले आहे.

तेव्हापासून मी बनातला जिन्नस-जिन्नस कुठून येतो याचा विचार करू लागले. मैदा, लोणी, दूध, अंडे आणि व्हिस्की एवढेच काय ते स्कॉटलंडचे. करंट ग्रीसचे, बदाम आणि संत्री भूमध्य समुद्राकाठची, मिरी मलबारच्या वाटेची, दालचिनी लंकेची, ऑलस्पाइस जमैकाचा. हे सारे बंदरांत उतरत असे आणि आमचे लीथ हे एडिंबऱ्याचे बंदर. १९२० साली शहरात सामील होईपर्यंत ते वेगळे गाव होते आणि तसे ते आजही मानते. साखरेची गोष्ट मात्र एवढी सुगंधी नाही. ती पश्चिमेकडे, क्लाइड नदीच्या मुखाशी असलेल्या ग्रीनॉकच्या कारखान्यांत शुद्ध होत असे, आणि तिचा ऊस कॅरिबियन बेटांवर गुलामांनी पिकवलेला असे. ग्लासगोच्या कित्येक भव्य इमारती त्या पैशांवर उभ्या आहेत. बनाकडे पाहताना मला वाटते की स्कॉटलंड आहे ते या पारीपुरतेच. आतले पुरण सगळ्या जगाचे आहे, आणि ते सगळेच काही राजीखुशीने आलेले नाही.

हा पदार्थ मुळात नववर्षाचा नव्हताच. नाताळापासून बारावी रात्र, म्हणजे ५ जानेवारीची संध्याकाळ, हा त्याचा दिवस होता. त्या रात्रीच्या केकमध्ये एक घेवड्याचा दाणा लपवीत आणि ज्याच्या वाट्याला तो येई तो त्या रात्रीपुरता राजा किंवा राणी होई. फ्रान्सहून १५६१ मध्ये परतलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या दरबारात, एडिंबऱ्याच्या होलीरूड राजवाड्यात, हा खेळ चालत असे. तिच्या सखींपैकी मेरी फ्लेमिंग एकदा 'दाण्याची राणी' झाली होती आणि राणीचीच वस्त्रे लेवून मिरवली होती. त्यामुळे बनही मेरी राणीनेच फ्रान्सहून आणला, असे हमखास सांगितले जाते. माझा यावर फारसा विश्वास नाही. या बिचाऱ्या राणीच्या नावावर स्कॉटलंडने मार्मालेडसुद्धा खपवले आहे, वास्तविक तो शब्द पोर्तुगीज 'मार्मेलो' या फळाच्या नावापासून आलेला आहे. देखण्या आणि दुर्दैवी राणीच्या पदरात लोक काहीही घालतात.

मेरी परतण्याच्या एकच वर्ष आधी, १५६० मध्ये, स्कॉटलंडने पोपशी नाते तोडले होते. नव्या धर्मपीठाला नाताळ, बारावी रात्र आणि त्यांची खाणीपिणी यांत जुन्या पंथाचा वास येई. १५८३ मध्ये ग्लासगोत नाताळचा पाव भाजणाऱ्या भटारखानेवाल्यांना, तो कोणासाठी भाजला त्यांची नावे सांगायला लावली गेली. १६४० मध्ये संसदेने कायदा करून नाताळची सुटीच रद्द केली. कायदे पुढे बदलले, सवय मात्र राहिली, इतकी की नाताळ हा स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो १९५८ साली. आजींचे वडील लीथच्या गोदीत कामाला होते आणि आजींच्या लहानपणी २५ डिसेंबरला ते रोजच्यासारखे डबा घेऊन कामावर जात. सणाचा सगळा उत्साह मग आठवडाभर पुढे सरकून हॉगमनेवर आला, कारण वर्ष संपणे या गोष्टीला कोणत्याही धर्मपीठाला आक्षेप घेता येत नव्हता. १६०० पासून स्कॉटलंडचे वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले होते, तेही सोयीचे ठरले. बनही त्या उत्साहाबरोबर सरकला. वाटेत दाणा हरवला, राजा-राणी हरवले, आणि खेळातला पदार्थ उंबऱ्यावरचा पदार्थ झाला.

तो दिवस आजी ज्या रीतीने पाळीत, त्यात मला घरचेच वातावरण दिसे. सकाळपासून घर झाडून-पुसून लख्ख करायचे, चुलीतली जुनी राख मध्यरात्रीपूर्वी बाहेर टाकायची, कोणाचे देणे असेल ते त्या दिवशी चुकते करायचे. त्यांच्या घरात चूल उरली नव्हती, धुराड्याचे तोंड कधीच बुजवले होते आणि खाली गॅसची शेगडी होती. तरीही कोळसा आलाच पाहिजे, कारण कोळसा म्हणजे ऊब, मीठ किंवा शॉर्टब्रेड म्हणजे अन्न, व्हिस्की म्हणजे आनंद. कोळसा आणणारा म्हणतो, "लँग मे यर लम रीक," म्हणजे तुमच्या धुराड्यातून सदा धूर निघत राहो. एके काळी धुरामुळे ज्याला लोक 'ऑल्ड रीकी' म्हणजे धुरकट म्हातारी म्हणत, त्या शहरात आता कोणाच्याही धुराड्यातून धूर निघत नाही, पण आशीर्वाद तोच आहे. आपण तरी अजून 'चूल पेटती राहो' असेच म्हणतो.

या प्रथेला ते 'फर्स्ट फुटिंग' म्हणतात आणि नवऱ्याने पहिल्या रात्रीच तिचे भाषांतर केले होते: पायगुण. मला त्या शब्दाने हसू आले, आणि नंतर जरा वेळाने आले नाही. काळे केस शुभ का, याचे उत्तर सगळे एकच देतात. आठव्या शतकाच्या अखेरीपासून समुद्रावरून आलेले सोनेरी केसांचे व्हायकिंग दारात उभे राहिले की घर लुटले जाई, म्हणून दारात काळ्या केसांचा माणूस दिसणे हा दिलासा. ही कथा चांगली आहे. पण बाई अशुभ का, याचे उत्तर व्हायकिंगांकडे नाही. नववर्षाच्या पहाटे पहिली बाई दारात आली तर तिला परत पाठवणारी घरे आजींनी स्वतः पाहिली होती आणि त्या ते हसत सांगत.

माझी एक आत्या लग्नानंतर वर्षाच्या आतच विधवा झाली. तिला सासरी 'पांढऱ्या पायाची' म्हणत. माहेरी परत आल्यावर तिला तसे कोणी म्हणाले नाही, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती कधी बाहेरच्या खोलीत आली नाही. आत बसून तिळगुळाचे लाडू वळून देत असे आणि ताटे आम्ही मुली बाहेर नेत असू. तिच्या हातचे लाडू सर्वांना चालत, फक्त पाय चालत नसत. लीथच्या त्या जिन्यात काळ्या केसांमुळे माझ्या नवऱ्याचा इतका मान झाला, याचा मला आनंद होताच. परक्या देशात आपला रंग कोणाला शुभ वाटतो, ही काही रोज मिळणारी गोष्ट नाही. पण दरवर्षी बन मी भाजत असे, फडक्यात मी बांधत असे आणि तो घेऊन उंबरा ओलांडत असे तो, आणि त्या वेळी मी आजींच्या बैठकीच्या खोलीत प्याले पुसत उभी असे. एकदा मी हे त्यांना बोलून दाखवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "रीत मी केलेली नाही." आत्याच्या सासूनेही बहुधा हेच म्हटले असते, असे माझ्या मनात आले, पण ते मी बोलले नाही.

कोळशाचा तुकडा मात्र फिरत राहिला. जाळायला कोळशाची शेगडी नसल्याने २ जानेवारीला, जी स्कॉटलंडमध्ये वेगळी सुटी असते, आजी तो परत आणून देत, बनाच्या डब्यात घालून. डबा रिकामा परत करू नये, हे मी त्यांना एकदा सांगितले होते. त्यांनी ते स्वतःच्या सोयीने पाळले.

२०२० साली २६ डिसेंबरपासून आमच्याकडे सर्वांत कडक निर्बंध लागू झाले आणि कोणालाही दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायला मनाई झाली. आजी तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. मी तरीही नोव्हेंबरातच बन करून ठेवला होता. ३१ च्या रात्री बाराला डबा, बाटली आणि कोळसा त्यांच्या पायपुसण्यावर ठेवून, घंटी वाजवून, माझा नवरा मागे सरकून आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचे केस एव्हाना कानशिलांवर पांढरे झाले होते आणि त्यावरून आजींनी आधीच्या वर्षी त्याला बूटपॉलिश लावण्याचा सल्ला दिला होता. दार उघडले. आजींनी आमच्याकडे पाहिले, डब्याकडे पाहिले, मग चौकटीला धरून उंबऱ्याबाहेर आल्या, कष्टाने वाकल्या, एकेक वस्तू उचलली आणि वळून आत गेल्या. आत गेल्यावर त्या थांबल्या आणि मोठ्याने हसू लागल्या. त्या वर्षी त्यांच्या घरात शिरलेले पहिले पाऊल त्यांचे स्वतःचे होते: बाईचे, घरच्याच माणसाचे आणि वर केस पांढरेशुभ्र.

फेब्रुवारीत त्यांना लस मिळाली. मे महिन्यात त्या पुन्हा पायी समुद्रापर्यंत जाऊ लागल्या. ३१ डिसेंबर २०२१ च्या दुपारी त्यांनी दार ठोठावले आणि मला सांगितले की, गेल्या वर्षी सगळेच चुकीचे केले आणि काहीच वाईट झाले नाही, तेव्हा या वेळी बन तूच घेऊन ये, नवऱ्याला प्याले पुसू दे.

मी गेले. बाराचे ठोके वाजेपर्यंत जिन्यावर एकटी उभी राहिले, आणि तिथे इतकी थंडी असते हे मला नऊ वर्षांत कळलेच नव्हते. हातातला डबा जड होता. दार उघडल्यावर मी उजवे पाऊल आधी टाकले.

दोन तारखेला डबा परत आला. कोळसा तोच होता, त्याच्याभोवतीचे वर्तमानपत्र कालचे होते, आणि शेजारी कागदात बांधलेले पाव किलो करंट होते. खडबडीत अक्षरांत वर लिहिले होते, 'तुझे पिवळे वाले नकोत.'